सव्वीस इंच

"तुम्ही मध्ये बोलू नका," ती म्हणाली आणि खुर्चीचा आधार सोडून उभी राहिली. "मी त्यालाच विचारते."

त्याला म्हणजे धनुष्याला. ते भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवे टांगलेले होते. ऑपरेशन होऊन ती घरी आली त्याला तीन दिवस झाले होते. त्याच सकाळी आम्ही डॉक्टरांना भेटून आलो होतो. ते म्हणाले होते, "औषधांची दुसरी फेरी देता येईल. पण कठीण असते. अंगात ताकद असेल तरच घ्या. नसेल तर घरी राहा, आराम करा. चार-सहा महिने बरे जातील." तिने विचारले, "ताकद आहे की नाही ते कोण सांगणार?" डॉक्टर म्हणाले, "ते तुमचं तुम्हालाच कळेल."

"दोरी चढवून द्या," ती म्हणाली. टाके ओले होते, वाकायची मनाई होती. मी धनुष्य उतरवले, गुडघ्याला टेकून वाकवले आणि दोरी चढवली. तिने पाय रोवले, डावा हात सरळ केला आणि दोरी ओढली. दोरी हनुवटीपाशी आली, तिथून ओठांच्या कोपऱ्यापाशी आली. तिथे तिने ती धरून ठेवली. एक, दोन, तीन. मग सावकाश परत सोडली, कारण बाण लावल्याशिवाय दोरी झटक्यात सोडायची नसते.

"आली!" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होते. "अहो, अठरा किलो ओढले मी! बघितलंत ना?"

"बघितलं."

"मग घेऊ या दुसरी फेरी. कळवा डॉक्टरांना."

मी तिच्या हातातून धनुष्य घेतले आणि दोरी उतरवली. त्या धनुष्यात तेव्हा अठरा किलोचा ताण नव्हता. ती हॉस्पिटलात असताना मीच ते तासून साडेनऊवर आणले होते.

---

मी सुतार. खुर्च्यांच्या कारखान्यात माझी तीस वर्षे गेली. ती हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात होती. धुतलेल्या चादरी यंत्रातून बाहेर आल्या की दोन बायकांनी दोन टोके धरायची, ताणायची, झटकायची, घडी घालायची. दिवसाला चारशे चादरी. तिच्या समोरच्या टोकाला कायम एकच बाई असायची. तिला आमच्या घरी 'जोडीदारीण' म्हणत. आम्हाला मूलबाळ नव्हते. घरात येणारे-जाणारे माणूस म्हणजे तेवढी जोडीदारीणच.

धनुष्याची सुरुवात एका दरवाजामुळे झाली. गावाबाहेर बंद पडलेल्या वीटभट्टीच्या आवारात दहा-बारा लोक रविवारी सकाळी तिरंदाजी करायचे. चाके, दुर्बिणी लावलेली हल्लीची धनुष्ये नव्हती त्यांची. लाकडाची कांब, वळलेली दोरी, पिसे लावलेले बाण. त्यांच्या शेडचा दरवाजा निखळला होता, तो बसवायला मी गेलो. त्या दिवशी तिला सुट्टी होती म्हणून तीही आली. ती तेव्हा छत्तीस वर्षांची होती.

तिथे शिकवायचे त्यांना सगळे मास्तर म्हणत. ते वजनमापे तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झाले होते. दुकानदारांचे काटे तपासण्यात त्यांची हयात गेली होती. दरवाजा बसवून झाल्यावर त्यांनी माझ्या हातात एक धनुष्य दिले. "ओढा बघू. सुताराचा हात आहे."

मी ओढले. अर्ध्यावर हात थरथरायला लागले आणि माझे तोंड बहुतेक वाकडे झाले असावे, कारण ती मागे हसली.

"हसता काय? या, तुम्ही ओढा," मास्तर म्हणाले.

"ओढते की."

आणि तिने ओढले. हाताने नाही, पाठीने. कोपर सरळ मागे गेले, खांदा वर आला नाही. मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"काय काम करता?"

"चादरी ओढते."

"किती वर्षं?"

"बारा झाली."

"मग ओढायचं शिकून झालंय तुमचं. आता सोडायला शिका."

त्यांचे शिकवणे विचित्र होते. पहिले तीन महिने त्यांनी तिला नेम धरू दिला नाही. पेंढ्याच्या गठ्ठ्यापासून पाच पावलांवर उभे राहायचे, डोळे मिटायचे, ओढायचे आणि सोडायचे. दर रविवारी शंभर बाण. "डोळे उघडे असले की माणूस बाण कुठे गेला ते बघतो. आपण काय केलं ते बघत नाही," मास्तर म्हणायचे. मला तो वेळेचा अपव्यय वाटला. मी तिला तसे म्हटलेही. ती म्हणाली, "तुम्ही फळीला रंधा मारताना किती वेळा डोळे मिटून हात फिरवता? मग?"

दोरी सुटताना डाव्या हाताला आतून फटका बसायचा. कोपरापासून मनगटापर्यंत तो काळानिळा झाला. धुलाईखात्यात बायकांनी ते पाहिले. जोडीदारणीने तिला बाजूला घेऊन विचारले, "खरं सांग गं, नवरा हात उचलतो का?"

"तो कशाला उचलेल? मीच मला मारून घेते. दर रविवारी, सकाळी सात ते दहा."

जोडीदारणीचा काही विश्वास बसला नाही. पुढच्या रविवारी ती स्वतः वीटभट्टीवर आली, माझ्याकडे रागाने बघत दोन तास एका विटेवर बसली आणि खात्री करून घेऊन गेली.

मी तिला पहिले धनुष्य करून दिले ते दुसऱ्याच रविवारी मोडले. मी लाकूड तासताना घाई केली होती. मुठीच्या वरची वाकणारी पात खालच्या पातीपेक्षा जाड राहिली आणि सगळा ताण खालच्या पातीवर आला. तुकडा तिच्या कानाला चाटून गेला. मास्तरांनी मला शेडमध्ये नेले आणि स्वतःच्या भुवईवरचा व्रण दाखवला. एकदा त्यांनी कोणाचे तरी धनुष्य उसने घेतले होते. ते आखूड हाताच्या माणसासाठी केलेले होते आणि तसे त्यावर लिहिलेले नव्हते. मास्तरांनी आपल्या हाताइतके ओढले आणि ते तोंडासमोर फुटले.

तेव्हापासून तिथला नियम होता. प्रत्येक धनुष्यावर मुठीच्या वर पेन्सिलने दोन आकडे लिहायचे. किती इंच ओढायचे आणि तेवढे ओढल्यावर किती किलो भरते. शेडमध्ये हुकाचा काटा टांगलेला होता, त्यावर ते मोजायचे. धनुष्य नंतर तासले, हलके केले, तर जुना आकडा खोडून नवा लिहायचा. "काटा खोटा असला की गिऱ्हाईक फसतं," मास्तर म्हणायचे. "धनुष्याचा आकडा खोटा असला की आपण फसतो. लाकूड काढता येतं, परत चिकटवता येत नाही. म्हणून काढाल तेवढं लिहा."

तिचा हात सव्वीस इंचांचा होता. पुढे मी तिला चार धनुष्ये केली. सगळ्यांवर पहिला आकडा सव्वीस. दुसरा मात्र वाढत गेला. नऊ, तेरा, सोळा आणि आठव्या वर्षी अठरा. बाणही मी सव्वीस इंचांचेच कापायचो. पूर्ण ओढला की बाणाचे टोक बरोबर मुठीपाशी यायचे.

मैदानात दर दहा पावलांवर चुना लावलेला दगड होता. वीस पावलांवरून बाण गठ्ठ्यात लागायला तिला वर्ष गेले. मग एक सबंध वर्ष काहीच सुधारले नाही, उलट बिघडले. ती घरी येऊन चिडचिड करायची. मी म्हणायचो सोडून दे. ती म्हणायची, "चादर ओढली की दुसऱ्या टोकाला कोणीतरी असतं. मी चुकले की ती सांभाळून घेते, ती चुकली की मी. इथे दुसऱ्या टोकाला कोणी नाही. चुकलं ते माझंच. मला ते आवडतं." तिसऱ्या वर्षी तिच्या लक्षात आले की ती दोरी दर वेळी वेगळ्या जागी आणते. मग तिने जागा पक्की केली. मधले बोट उजव्या सुळ्याच्या वर गालाला टेकले की सोडायचे. त्यानंतर दर वर्षाला एकेक दगड मागे जात गेली.

नवव्या वर्षी तो सुळा दुखायला लागला आणि दाताच्या डॉक्टरने काढला. महिनाभर तिचे बाण गठ्ठ्यावरून पलीकडे जाऊ लागले. सुळ्याच्या जागी गाल आत गेला होता आणि बोट रुतत होते. ती म्हणायची, "दात त्यानं काढला आणि नेम माझा पडला." मास्तर इतके हसले की त्यांना खाली बसावे लागले. तिने शेजारच्या दातावर जागा ठरवली आणि पाच पावलांवरून, डोळे मिटून, पहिल्यापासून सुरुवात केली.

अकराव्या वर्षी साठ पावलांवरून तिचे तीन बाण एका तळहाताच्या जागेत लागले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तिथे तशी पद्धत नव्हती. मास्तर गठ्ठ्यापर्यंत चालत गेले, आपला तळहात त्या तीन बाणांवर ठेवून पाहिला आणि परत आले. ती घरी आली आणि भांडी घासायला बसली. घासता घासता मध्येच थांबली आणि म्हणाली, "झालं की हो."

---

ती त्रेपन्न वर्षांची असताना दुखणे कळले. आधी औषधांची पहिली, हलकी फेरी झाली. ऑपरेशन झाले ते ती काम करायची त्याच हॉस्पिटलात. शुद्धीवर आल्यावर तिने अंगावरच्या चादरीची कड बघितली. "ही कोणी घडी घातली? कोपरे जुळत नाहीत," ती म्हणाली. जोडीदारीण शेजारी उभी होती. "तू इथे झोपलीस, मग कोपरे कोण जुळवणार?" असे म्हणून ती बाहेर जाऊन रडून आली.

तीन आठवडे ती तिथे होती. पाण्याचा पेला तिला दोन्ही हातांनी धरावा लागायचा. मी बघत होतो आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ही घरी आली की पहिल्याच दिवशी भिंतीवरचे धनुष्य काढणार. ओढायला जाणार. ते हलणार नाही. तेव्हाचा तिचा चेहरा मला बघायचा नव्हता.

म्हणून मी धनुष्य कारखान्यात नेले. तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत कानशीने दोन्ही पातींच्या आतली बाजू उतरवत होतो. थोडे काढायचे, काट्यावर मोजायचे. सतरा, पंधरा, बारा. साडेनऊवर थांबलो. उघडे पडलेले लाकूड फिके दिसत होते. त्याला चहाचे पाणी लावले, वर तेल चोळले. मुठीवरचा आकडा मात्र तसाच ठेवला. सव्वीस इंच, अठरा किलो.

तेव्हा मला डॉक्टर काय विचारणार हे ठाऊक नव्हते. एवढे मी माझ्या बाजूने सांगू शकतो. पण ज्या दिवशी तिने ते ओढले आणि 'कळवा डॉक्टरांना' म्हणाली, त्या दिवशी ठाऊक होते. दोन शब्द बोलायचे होते. मी ते बोललो नाही, कारण मलाही तेच उत्तर हवे होते. ती घरी बसून शांतपणे जाणार हे मला मान्य नव्हते. दुसऱ्या फेरीने ती वाचेल असे मी स्वतःला पटवले आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगून आलो.

दुसरी फेरी चार महिने चालली. तिच्या तोंडाची चव गेली, मग केस गेले, मग नखे काळी पडली. जे खाल्ले ते राहायचे नाही. तिला उजेड सोसायचा नाही, म्हणून खिडकी बंद ठेवावी लागायची. ती म्हणायची, "अठरा ओढलेत मी. हेही ओढेन." दर वेळी ती असे म्हणाली की मी उठून आत जायचो. एकदा तिने विचारले, "तुम्ही सारखे आत कशाला जाता?" मी म्हणालो, "दूध ठेवलंय." दूध ठेवलेले नव्हते.

शेवटी डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवले आणि म्हणाले की आता पुरे.

पुढच्या रविवारी ती म्हणाली, "मला मैदानावर न्या."

मी तिला रिक्षाने नेले. मी केलेली हातांची खुर्ची बरोबर घेतली. मास्तर आता ऐंशीच्या पुढे होते, तेही काठी टेकत येऊन बसले. गठ्ठ्यापासून पाच पावलांवर मी खुर्ची ठेवली. पाण्याच्या बाटलीचे झाकण तिला उघडेना, ते मी उघडून दिले. मग तिने धनुष्य मागितले, बाण लावला आणि ओढला.

दोरी तिच्या दातापर्यंत आली.

बाण गठ्ठ्यात लागला. तिने दुसरा लावला नाही. ती आपल्या हातांकडे बघत बसली. मग बाटलीकडे. मग धनुष्य मांडीवर आडवे घेतले आणि आतल्या बाजूने अंगठा फिरवत गेली, वरून खालपर्यंत.

"तुम्ही याला हात लावलात ना?"

मी मान हलवली.

"कधी?"

"तू हॉस्पिटलात होतीस तेव्हा. ऑपरेशनच्या वेळी."

"म्हणजे मी ओढलं त्याच्या आधी."

"हो."

मास्तर आमच्याकडे बघत होते. त्यांना कळले असावे, कारण ते उठले आणि शेडकडे चालू लागले.

"चार महिने हो," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "खिडकी उघडी ठेवून बसले असते मी. जोडीदारणीला बोलावलं असतं, गप्पा मारल्या असत्या. इथे आले असते चार वेळा."

"मला वाटलं..."

"तुम्हाला काय वाटलं ते मला कळतंय. मला तेवढं विचारायला हवं होतं तुम्ही. बाकी काही नाही."

मी तिच्या पायाशी मातीत बसलो होतो. मास्तर शेडमधून हुकाचा काटा घेऊन आले. त्यांनी तो माझ्या हातात दिला, तिच्या हातात नाही. मी शेडच्या खांबाला काटा टांगला आणि तिच्या डोळ्यांसमोर धनुष्य सव्वीस इंचांपर्यंत ओढले.

"किती?" तिने विचारले.

"साडेनऊ."

"पेन्सिल द्या."

पेन्सिल माझ्या कानावर असते. तिने अठराचा आकडा खोडला. खोडायलाही तिला दोन वेळा रेघ ओढावी लागली. त्याच्या शेजारी तिने साडेनऊ लिहिले. आकडा वाकडातिकडा आला. मग तिने धनुष्य पुन्हा डोळ्यांसमोर धरले, दोरी थोडी ओढून दोन्ही पाती कशा वाकतात ते बघितले.

"दोन्ही सारख्या वाकतात," ती म्हणाली. "काम चांगलं केलंत. पहिल्यासारखी घाई नाही केली."

मला आयुष्यात कोणी इतके लागेल असे बोललेले नाही. ती टोचून बोलत होती की खरेच म्हणत होती, हे मला आजही ठरवता येत नाही.

तिच्या हातात सात आठवडे होते. खिडकी उघडी असायची. जोडीदारीण रोज काम सुटल्यावर यायची आणि दोघी हॉस्पिटलातल्या लोकांच्या कुचाळक्या करत बसायच्या. रविवारी आम्ही मैदानावर जायचो. ती पाच पावलांवर, खुर्चीत, डोळे मिटून बाण सोडायची. आधी दहा, मग सहा, मग तीन. शेवटच्या दोन रविवारी नुसतीच बसली. त्या धनुष्याबद्दल ती पुन्हा एक शब्द बोलली नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाली, "लिहिलंय ना आता त्यावर? मग झालं."

ती गेली त्या दिवशी अंगावरची चादर जोडीदारणीने काढली. दुसरे टोक माझ्या हातात दिले. "धरा," म्हणाली. "ताणा." मला घडी घालता येत नव्हती. तिने मला दोनदा परत करायला लावली, कोपरे जुळेपर्यंत.

---

आता रविवारी मी एकटा जातो. मास्तर असतात, पण त्यांना फारसे दिसत नाही. पहिल्यांदा मी ते धनुष्य घेऊन गेलो तेव्हा त्यांनी बोटांनी मूठ चाचपली आणि विचारले, "आकडा?"

"सव्वीस इंच, साडेनऊ किलो."

"तुमचा हात किती?"

"अठ्ठावीस."

त्यांनी स्वतःच्या भुवईवरचा व्रण खाजवला.

बाण तिचेच आहेत, सव्वीस इंचांचे. मी पाच पावलांवर उभा राहतो आणि डोळे मिटतो. मूठ थोडी खालीच धरतो, म्हणजे तळहाताचा घाम पेन्सिलीला लागत नाही. दोरी ओढतो. बाणाचे टोक मागे येत येत माझ्या डाव्या हाताच्या बोटाला लागते. माझा हात अजून दोन इंच मागे जाऊ शकतो. मी तिथेच थांबतो.